गल्ल्यावर बसलेला उपासक

आपल्या समाजात कोणाचा मुलगा फौजदार झाला, कोणाची मुलगी डॉक्टर झाली, की विहारात सत्कार होतो. शाल, पुष्पगुच्छ, चार भाषणे, पेपरात फोटो. हे झालेच पाहिजे. आपल्या लेकरांचे कौतुक आपण नाही करायचे तर कोणी करायचे? पण तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या मागे दहा बाय दहाच्या गाळ्यात जो आपला माणूस वीस-पंचवीस वर्षे किराणा दुकान चालवतो, पंक्चर काढतो, शिलाई मशीन चालवतो किंवा चहाची टपरी सांभाळतो, त्याच्या गळ्यात हार पडलेला आपण कधी पाहिला आहे काय? त्याच धंद्यावर तो म्हातारे आईबाप जगवतो, भावंडांची लग्ने करतो, मुलांच्या फिया भरतो आणि बाजारात कोणाचा रुपया बुडवत नाही. १४ एप्रिलच्या वर्गणीची पावती फाडायला मात्र सर्वात आधी त्याच्याच दुकानाची पायरी चढली जाते.

आजचा लेख त्या माणसासाठी, त्याच्या घरच्या माउलीसाठी आणि त्याच्या दुकानावरून रोज जाणाऱ्या आपणा सर्वांसाठी आहे.

दुकान ही आज साधी गोष्ट वाटते. आपल्या आजा-पणजाला ती साधी नव्हती. भांडवल नव्हते हे खरेच. पण भांडवल असते तरी गिऱ्हाईक कोठून येणार होते? ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याच्या हातचा गूळ, चहा, साखर कोण घेणार? आपल्या वाट्याला आली ती गावकी. दुकानदार आपल्या मालाचा भाव स्वतः सांगतो. वतनदार महार मात्र वर्षभर राबून खळ्यावर जायचा आणि समोरचा देईल ते पदरात घ्यायचा. कष्ट याचे, भाव ठरविणार दुसरा. बाबासाहेबांनी या महार वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले ते उगाच नाही. अखेर १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. म्हणजे आपल्या माणसाने गल्ल्यावर बसून "एवढे झाले" असे ताठ मानेने सांगणे, ही फार जुनी गोष्ट नाही.

खुद्द बाबासाहेबांना या बाजाराचा अनुभव आलेला आहे. १९१७ साली ते परदेशातून परत आले. बडोद्याच्या नोकरीत राहायला जागा मिळाली नाही, पारशी खानावळीतून अपमान होऊन बाहेर पडावे लागले. मुंबईला आल्यावर प्रपंच चालवायचा म्हणून त्यांनी शेअरबाजारातील व्यवहारांबाबत सल्ला देणारी एक छोटी कंपनी काढली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस सल्ला देत होता. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईकही येऊ लागले होते. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक तुटले. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. जगातल्या कोणत्याही पदवीने जी गोष्ट झाकली गेली नाही, तिच्याशी आपला टपरीवाला रोज गाठ घालतो, हे आपण विसरता कामा नये.

दुसरी आठवण महाडची. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरली. गावातील सवर्णांनी मंडपाला जागा दिली नाही. ती एका मुसलमान गृहस्थाने, फत्तेखानाने दिली. महाडच्या व्यापाऱ्यांनी धान्य आणि इतर सामान विकण्यास नकार दिला. हजारो माणसांच्या जेवणाचे सामान बाहेरून आणावे लागले. विचार करा बंधू-भगिनींनो! खिशात पैसे आहेत, पण समोर दुकान आपले नाही. पैसा असूनही उपाशी राहण्याची पाळी माणसावर कशी येते, हे महाडने दाखविले. आपल्या समाजाचे एक दुकान गावात असणे म्हणजे काय, याचे याहून वेगळे उत्तर द्यावे लागत नाही.

आता एका चहाच्या दुकानाची गोष्ट सांगतो. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे आपले एक गृहस्थ नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना तेथील सवर्ण नोकरांनी बेदम मारले. महाराज त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. मारणाऱ्यांना शासन तर झालेच, पण महाराजांनी त्याहून मोठी गोष्ट केली. गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला लावला. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, माणूस कष्टाळू. तरी गावची वरची जात पायरी चढेना. मग महाराजांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबू लागली. महाराजांनी गंगारामांच्या हातचा चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. राजा पितो म्हटल्यावर दरबाऱ्यांना नाही म्हणता येईना.

ही गोष्ट सांगताना आपण नेहमी महाराजांचा मोठेपणा सांगतो आणि थांबतो. मोठेपणा होताच. पण महाराज काही रोज सकाळी येऊन चूल पेटवीत नव्हते. दूध तापविणे, कपबशा विसळणे, गल्ला मोजणे आणि आज कोणी आले नाही तरी उद्या पुन्हा दुकान उघडणे, हे गंगारामांना आणि त्यांच्या घरच्यांनाच करावे लागले असणार. महाराज १९२२ साली गेले. १९२५ साली कोल्हापूरच्या नर्सरी बागेत त्यांचे पहिले स्मारक कोणी उभे केले? सरदारांनी नाही, जहागीरदारांनी नाही. गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेऊन उभे केले. धंद्याने पोट तर भरतेच. पण माणूस उपकार स्मरू शकेल आणि आपल्या पैशाने समाजाचे काम उभे करू शकेल, अशी ताकदही धंदाच देतो.

आता आजच्या आपल्या दुकानदाराचा दिवस पाहू. सकाळी सहाला शटर वर. दुधाच्या पिशव्या, पाव, चहा पावडरच्या दोन-पाच रुपयांच्या पुड्या. शाळेची वेळ झाली की पोरांची वही-पेन्सिल. दहाला होलसेलवाल्याचा टेम्पो येतो. तो रोख मागतो. दुपारी बाई दुकानावर बसते, हा दोन घास खाऊन मोंढ्यात जातो. संध्याकाळी मजूर कामावरून आले की खरी गर्दी. गल्ल्याशेजारी आता मोबाईलने पैसे घ्यायचा चौकोनी कोड चिकटवलेला आहे, पण त्याच्या खाली उधारीची वही आहे तशीच आहे. रात्री दहाला शटर खाली. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि अशोक विजयादशमी सोडली तर सुट्टी नाही. आजारी पडायलाही वेळ नाही. २०१६ साली नोटा बंद झाल्या तेव्हा त्यालाच लोकांनी जुन्या नोटा दाखविल्या, आणि २०२० सालच्या टाळेबंदीत किराणा उघडा राहिला म्हणून अख्ख्या वस्तीने त्याच्याच दारी रांग लावली. टेलर आणि चहावाल्याला तेवढेही नशीब नव्हते. त्यांची शटरे बंदच राहिली.

अशा माणसाने धम्म कसा पाळावा? काही लोकांना वाटते, धम्म म्हणजे विहारात बसून डोळे मिटणे. धंदा म्हणजे दोन पैसे इकडचे तिकडे करणे. दोहोंचा मेळ नाही. तथागतांना असे वाटत नव्हते. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात त्यांनी चक्क दुकानदाराचा दाखला दिला आहे. पाली भाषेत दुकानदाराला 'पापणिक' म्हणतात. जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आपल्या कामात मन लावीत नाही, त्याला न मिळालेले धन मिळत नाही आणि मिळालेले वाढत नाही. भिक्खूंनी ध्यान कसे करावे हे सांगताना तथागतांना दुकानदाराची उपमा सुचली! याचा अर्थ त्यांनी दुकानदाराचे कष्ट जवळून पाहिले होते आणि ते हलके मानले नव्हते.

त्याच ठिकाणी पुढे तथागत सांगतात की चांगल्या दुकानदाराच्या अंगी तीन गोष्टी असतात. पहिली, तो 'चक्खुमा' असतो, म्हणजे त्याला डोळे असतात. हा माल एवढ्याला घेतला, एवढ्याला विकला, तर भांडवल एवढे आणि नफा एवढा, हे त्याला दिसते. दुसरी, तो 'विधुर' असतो. आपल्या मराठीतला बायको वारलेला विधुर नव्हे! पालीत विधुर म्हणजे तरबेज, खरेदी-विक्रीत हुशार. तिसरी, तो 'निस्सयसंपन्न' असतो, म्हणजे त्याला लोकांचा आधार असतो. पैसेवाले गृहस्थ म्हणतात, या माणसाला डोळे आहेत, हा हुशार आहे, हा बायकामुलांना पोसून आमचे देणे वेळच्या वेळी देऊ शकेल. घे बाबा हे पैसे आणि धंदा कर. पाहा, अडीच हजार वर्षांपूर्वी कर्ज देणारा काय पाहत होता? हा माणूस घर नीट चालवतो काय, आणि देणे वेळेवर देतो काय. आजची बँकही हेच पाहते, फक्त कागद जास्त मागते.

यातील पहिली गोष्ट, म्हणजे डोळे, आपल्याकडे फार कमी पडते. एक साधा हिशोब करू. समजा दुकानात रोज सहा हजारांची विक्री आहे आणि त्यावर शेकडा बारा रुपये सुटतात. म्हणजे दिवसाला ७२० रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १८,७२० रुपये. त्यातून गाळ्याचे भाडे तीन हजार, लाईट बिल सातशे, टेम्पो-हमाली हजार. हातात राहिले १४,०२०. आता कोणी एक हजाराची उधारी बुडवली तर काय होते? गिऱ्हाईकाला वाटते, हजारच तर बुडाले. पण शेकडा बाराने ते हजार परत मिळवायला दुकानदाराला ८,३३३ रुपयांचा माल पुन्हा विकावा लागतो. म्हणजे जवळजवळ दीड दिवस तो, त्याची बायको आणि त्याचा पोरगा फुकट राबले. वहीत अशी पंधरा नावे असली की एक महिना गेला. दुकान असे बंद पडते. आग लागत नाही, चोरी होत नाही. वही भरते आणि दुकान रिकामे होते.

आणि ही उधारी बुडविणारे कोण असतात? कटू आहे, पण लिहिले पाहिजे. मारवाड्याच्या दुकानात आपण रोख देतो, कारण तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. आपल्या माणसाच्या दुकानात मात्र "दादा, लिहून ठेवा" म्हणतो. त्याने पंधरा दिवसांनी हळूच विचारले, "मामा, मागचे थोडे देता का?" तर मामा रागावतात. "आमच्याच माणसाने आम्हाला मागावे?" असे म्हणून दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या दुकानात जातात, आणि तेथे रोख देतात! हे मामा जयंतीच्या मिरवणुकीत सर्वात पुढे असतात. बंधूंनो, अदिन्नादाना वेरमणी हे शील आपण दर रविवारी म्हणतो. न दिलेले घेणार नाही. ज्याचे पैसे दिले नाहीत ती साखर कोणत्या हिशोबात बसते, याचा विचार ज्याने त्याने घरी जाऊन करावा.

पण दुकानदारालाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. कोलीय लोकांच्या ककरपत्त नावाच्या गावी दीघजाणू नावाचा गृहस्थ तथागतांकडे आला. तो म्हणाला, आम्ही प्रपंची माणसे, बायकापोरांच्या गर्दीत राहणारी. आम्हाला आमच्या कामाचा धम्म सांगा. तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. उद्योगीपणा, मिळविलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत, आणि समजीविता, म्हणजे बेताचे जगणे. ही शेवटची गोष्ट समजावताना तथागतांनी तराजूचा दाखला दिला. तराजू धरणारा जसे ओळखतो की एवढ्याने पारडे खाली गेले, एवढ्याने वर आले, तसे गृहस्थाने आपली आवक आणि जावक ओळखावी. थोडे मिळत असून थाटात जगू नये. पुष्कळ मिळत असून भिकाऱ्यासारखे जगू नये. आणि धनाच्या तळ्याला चार भोके असतात, ती सांगितली: बाईचे व्यसन, दारू, जुगार आणि वाईट मित्र. ज्याच्या हातात दिवसभर तराजू असतो, त्याला याहून सोपा धम्म कोणता सांगायचा? गिऱ्हाईकाचे माप आपण बरोबर धरतो. आपल्या घराचे माप मात्र मुलाच्या लग्नात सोडून देतो. लग्नात डीजे आणि मांडव यावर दुकानाचे भांडवल उडवून वर्षभर सावकाराचे हप्ते भरणारे दुकानदार आपण सर्वांनी पाहिले आहेत.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक भाग संसाराला, दोन भाग धंद्याला आणि चौथा भाग अडीअडचणीला. चौदा हजारांत घर चालविणाऱ्याला चौथ्या हिश्श्यात, म्हणजे साडेतीन हजारांत, महिना काढ म्हणणे ही थट्टा होईल. आज गरिबाच्या घरी ही वाटणी अंकाने जमणार नाही. पण त्यातील मर्म जमू शकते. गल्ला म्हणजे मिळकत नव्हे. संध्याकाळी गल्ल्यात सहा हजार दिसतात, पण त्यातील ५,२८० रुपये मालाचे असतात. ते आपले नव्हेत, उद्याच्या टेम्पोचे आहेत. गल्ल्यातून उचलून घरात खर्च करणारा माणूस आपले दुकान स्वतःच खातो. दोन डबे ठेवा: एक मालाचा, एक घराचा. आणि घरच्या डब्यातून पाचशे का होईना, आजारपणासाठी बाजूला काढा.

आता एका अवघड गोष्टीकडे येतो. अंगुत्तर निकायात पाच व्यापार उपासकाने करू नयेत असे सांगितले आहे: शस्त्रांचा, प्राण्यांचा म्हणजे माणसांचाही, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. पैकी विषाचा व्यापार आपल्या टपरीत कोणत्या रूपाने येतो? रंगीत पुडीच्या रूपाने. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी तो मिळतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. टपरीवाला म्हणतो, "साहेब, नफा त्याच्यातच आहे. बिस्किटाच्या पुड्यावर काय सुटते?" त्याचे म्हणणे खोटे नाही. पुडी ठेवली नाही तर गिऱ्हाईक पुडीसाठी पुढच्या टपरीवर जाते आणि चहाही तेथेच पिते. मी हे सोपे आहे असे म्हणत नाही. पण ती पुडी कोण खातो हे पाहा. आपल्याच वस्तीतला हमाल, आपल्याच बहिणीचा मुलगा. पुढे तोंड उघडेनासे होते, मग मुंबईच्या कॅन्सरच्या दवाखान्याची वारी, मग वस्तीत वर्गणी. आणि त्या वर्गणीत टपरीवाला शंभर रुपये देतो. पुडीत कमावले ते असे परत जाते, आणि माणूसही जातो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने हा एक नफा सोडावा. त्याच्या जागी पोहे ठेवा, उकडलेली अंडी ठेवा, मोबाईलचे रिचार्ज ठेवा. थोडे कमी सुटेल, पण रात्री झोप लागेल.

धंद्यात सचोटी ठेवून माणूस किती उंच जाऊ शकतो, याची गोष्ट मज्झिम निकायात आहे. घटिकार सुत्त. वेभलिंग नावाच्या बाजारपेठेच्या गावी घटिकार नावाचा कुंभार राहत होता. आईबाप दोघेही म्हातारे आणि आंधळे. हा भांडी करी, मांडून ठेवी आणि म्हणे, ज्याला पाहिजे त्याने तांदूळ, मूग, कडधान्य ठेवावे आणि हवे ते भांडे न्यावे. त्याचा मित्र जोतिपाल नावाचा ब्राह्मण तरुण. घटिकार त्याला बुद्धाच्या दर्शनाला चल म्हणे. तो त्या मुंडक्या श्रमणाला पाहून काय मिळणार म्हणून टाळी. शेवटी घटिकाराने न्हालेल्या जोतिपालाचे केस धरले. जोतिपाल चकित झाला. हलक्या जातीचा हा कुंभार माझ्या डोक्याला हात घालतो, म्हणजे गोष्ट साधी नसणार! आणि तो गेला. जातीची भिंत त्या दिवशी एका कुंभाराने मैत्रीच्या जोरावर ओलांडली.

ही कथा सुत्तात पूर्वीच्या कस्सप बुद्धाच्या काळातली आणि पूर्वजन्माची म्हणून सांगितली आहे. आपण पूर्वजन्मात शिरण्याचे कारण नाही. त्यातला माणूस पाहावा. जोतिपाल पुढे भिक्खू झाला. त्याने घटिकाराला विचारले, तू का होत नाहीस? घटिकार म्हणाला, माझे आंधळे आईबाप मी सांभाळतो, हे तुला ठाऊक नाही काय? आणि बुद्धाने त्याला कमी लेखले नाही. उलट काशीच्या राजापुढे त्याची स्तुती केली. राजाने पाचशे गाड्या तांदूळ पाठविले, तर कुंभाराने ते परत केले. राजाला कामे पुष्कळ, मला हे नको, असे सांगितले. चीवर न घालता, घरी राहून, चाक फिरवून, आईबापाच्या तोंडी घास घालून माणूस धम्मात किती वर जातो, ते येथे दिसते. आजच्या दुकानदाराला घटिकारासारखा भाव गिऱ्हाईकावर सोडता येणार नाही. होलसेलवाला ऐकणार नाही. पण आईबापासाठी घरी थांबलेला, वस्तीने ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा असा माणूस तो होऊ शकतो.

आता घरातले. दुकान कोणाचे, असे विचारले तर आपण पुरुषाचे नाव सांगतो. दुपारी बारा ते चार गल्ल्यावर कोण बसते? पहाटे डाळ निवडून पुड्या कोण बांधते? उधारी मागताना जिची जीभ अडत नाही ती कोण? सिगालोवादात पतीने पत्नीशी कसे वागावे हे सांगितले आहे: मान द्यावा, अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, तिच्या हाती अधिकार सोपवावा आणि तिला दागिने-वस्त्र द्यावे. यातील चौथी गोष्ट आपण विसरलो. परवाना त्याच्या नावे, बँकखाते त्याच्या नावे, गाळा त्याच्या नावे. उद्या त्याला काही झाले तर त्या बाईला स्वतःच्याच दुकानाचे पैसे काढायला दिरांच्या आणि बाबूंच्या पाया पडावे लागते. म्हणून दुकानदार भावांनो, खात्यावर आणि कागदावर पत्नीचे नाव आजच घाला. हिंदू कोड बिलासाठी ज्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांच्या फोटोखाली आपला गल्ला आहे.

दुकानात कामाला ठेवलेल्या पोरासाठीही त्याच सुत्तात सांगितले आहे: ताकदीप्रमाणे काम द्या, जेवण आणि पगार द्या, आजारी पडला तर औषधपाणी करा, घरात गोडधोड केले तर त्यालाही द्या, वेळेवर सुट्टी द्या. आपण काल मजूर होतो, आज दोन माणसांचे मालक झालो; मालक होताना जुन्या मालकाची नक्कल करू नये.

शेवटचा प्रश्न पुढच्या पिढीचा. मुलगा म्हणतो, मी गल्ल्यावर बसणार नाही, परीक्षा देतो. त्याला परीक्षा जरूर देऊ द्यावी. पण नोकऱ्या कमी झाल्या आहेत हे सर्वांना दिसते. चार-पाच वर्षे परीक्षा देऊन थकलेल्या मुलाने दुकानात यावे, यात कमीपणा नाही. तो आला तर बापाची उधारीची वही बंद करून मोबाईलवर हिशोब ठेवील, जीएसटीचे कागद समजून घेईल. बौद्धांना १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या; महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे; २०१५ पासून मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज देण्याची सोय आहे. शिकलेल्या मुलाने जातीचा दाखला, हिशोबाचे कागद आणि बँकेचे पासबुक घेऊन स्वतः बँकेत जावे. दलाल मध्ये घालू नये.

आणि आपण बाकीच्यांनी काय करावे? फार काही नाही. महिन्याचा किराणा शक्य तेवढा आपल्या माणसाच्या दुकानातून भरावा, आणि रोख भरावा. माल वाईट असेल तर तोंडावर सांगावे, मागे बोलू नये. उधारी घेतलीच तर तारीख सांगावी आणि पाळावी. वर्गणी मागायला जाण्याआधी आपली जुनी बाकी देऊन यावी. विहाराच्या कमिटीने वर्षातून एकदा, डॉक्टर-इंजिनिअरांच्या रांगेत, एका टपरीवाल्याला आणि त्याच्या पत्नीला जोडीने खुर्चीवर बसवावे.

गंगारामांच्या हॉटेलाला शाहू महाराज लाभले. आजच्या आपल्या दुकानदाराला राजा मिळणार नाही. त्याला आपणच आहोत.

जयभीम!